पावणं कुठलं?

सय्यद मास्तरांचं नाव आधी घेतल्याशिवाय मला हा कोल्हापूरचा प्रवास लिहिता येणार नाही. सेलूच्या शाळेत वडील मला घालायला गेले, तेव्हा मास्तरांनी आडनाव विचारलं. वडील म्हणाले, "आम्हाला आडनाव कोण विचारतंय जी? हाक मारली की आम्ही येतो." मास्तरांनी गावाच्या नावाला 'कर' जोडला आणि मी नामदेव सेलूकर झालो. मी मोठा झाल्यावर त्यांनी त्याचं कारण सांगितलं. "बेटा, आडनाव असं असावं की ऐकणाऱ्याला आणखी एक प्रश्न विचारावा लागेल. तो प्रश्न त्याला सुचेपर्यंत तू खुर्चीवर बसून घ्यायचं."

असा बसत बसत मी बी.ए. झालो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सही केलेली नव्हती. कोल्हापूरच्या एका हायस्कुलात नेमणूक झाली तेव्हा मास्तर स्टेशनवर आले, डब्यात शिरून मला खिडकीची जागा धरून दिली आणि गाडी हलल्यावर धावत खाली उतरले.

मनमाडला आणि पुण्याला गाड्या बदलल्या. मिरजेच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस लागला. आमच्याकडच्या करड्या रानाची सवय असलेल्या डोळ्यांना एवढं हिरवं बघून थोडी भीतीच वाटली. डब्यात चढलेला एक फेटेवाला म्हणाला, "पावणं, जरा सरका की!" (पावणं म्हणजे पाहुणे. इथे अनोळखी माणसाला असंच म्हणतात.) मला फार बरं वाटलं. आमच्याकडे पाहुणा म्हटलं की जेवू घालावं लागतं, इथे नुसतं सरकलं की भागतं.

शनिवारी दुपारी मुख्याध्यापकांना भेटलो. ते म्हणाले, "उतरलात कुठे? लॉजवर? लॉजवरचा शिक्षक शाळेला शोभत नाही. सोमवारी हजर व्हाल ते पत्ता घेऊनच या." म्हणजे खोली शोधायला माझ्या हातात दीड दिवस होता.

शाळेच्या शिपायाने रंकाळ्याच्या बाजूचं एक घर सांगितलं. तळं डोळाभर बघून घेतलं आणि गुळवणीकाकांच्या ओसरीवर गेलो. आडनाव ऐकताच काकांनी खुर्ची पुढे केली. काकूंनी पोहे आणले. खोली हवेशीर होती, खिडकीतून तळ्याचा एक तुकडा दिसत होता. पोहे अर्धे झाले तेव्हा काकांनी मायेनं विचारलं, "शाखा कोणती?"

मी म्हणालो, "कला शाखा."

काका हसले. "तसं नव्हे हो. तुमची, घराण्याची?"

"घराण्यात मी एकटाच शिकलेला. म्हणून कलाच."

काकू आत गेल्या. काकांनी मग 'गोत्र' हा शब्द उच्चारला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. शाखा म्हणजे वेदाची! मी खरं ते सांगितलं. काका वाईट माणूस नव्हते. पोहे पुरे करा म्हणून त्यांनी आग्रहही केला. खोलीचं मात्र "कळवतो" म्हणाले.

रविवारी सकाळी गंगावेशीत गेलो. तिथे म्हशी रस्त्यावरच उभ्या असतात आणि धारोष्ण दूध डोळ्यांदेखत पेल्यात काढून देतात. तिथल्या आबांकडे खोली आहे असं कळलं होतं. माझं नाव ऐकून आबांनी खुर्ची दिली आणि फेसाळ पेला हातात ठेवला. "मास्तर हाय म्हंजे आपलं माणूस. प्या! माझा धाकटा गणितात लई ढ हाय." मी प्यायलो. फेस मिशीला लागला.

"तुमचं पावणं कुठलं?"

"पावणा मीच. सेलूचा."

"आवो तसं न्हवं! पै-पावणं! सोयरीक कुणाच्यात?"

"माझं लग्न झालेलं नाही."

"बहीण हाय न्हवं?"

"परभणीला दिली."

"कुणाच्यात?"

आबा थकत नव्हते. पावण्यांच्या पावण्यांपर्यंत जाऊन ते आमच्या वस्तीच्या वेशीशी येऊन थांबले, तेव्हा मीच त्यांना आत घेतलं. आबा म्हशीकडे बघू लागले. म्हैस माझ्याकडे बघत होती. "तसं माझं काय न्हाई, पर घरात म्हातारी हाय. कळवतो की," आबा म्हणाले. "आणि पेला तितंच खाली ठेवा, पावणं."

दोघेही 'कळवतो' म्हणाले. कळवणार कुठे, हे दोघांनीही विचारलं नाही. माझा पत्ताच नव्हता.

दुपारी मंगळवार पेठेत एका गाड्यावर केळी घेतली. गाडेवाले चाचा पांढऱ्या दाढीचे होते. माझं तोंड बघून "पावणं, केळं खातासा का औषध?" म्हणाले. मी सगळं सांगून टाकलं.

"मग कळंब्याला जावा की. सरकारी खोल्या हायत्या. पावणं कुठलं म्हणून कोण इचारत न्हाई."

मी आशेनं वही काढली. चाचा गाड्यावर हात टेकून हसत सुटले. कळंब्याला तुरुंग आहे. हसून झाल्यावर ते म्हणाले, "आमच्यात एक खोली हाय. बघा, जमलं तर."

घरी हलीमाचाचींनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "एक इचारू का?"

दीड दिवसाचं सगळं माझ्या तोंडाशी आलं. मी खुर्चीवरून उठलो. "चाची, मीच सांगतो. शाखा कला. गोत्र नाही. सेलूच्या महारवाड्यातला. आम्ही आता बौद्ध आहोत. पावणं परभणीला!"

चाची नवऱ्याकडे वळल्या. "काय म्हनतंय हे?" मग मला म्हणाल्या, "आवो, रातचं घोरतासा काय, असं इचारत हुते. मधी नुस्ता पत्रा हाय. एक घोरणारं घरात हायच."

"मी घोरत न्हाई," चाचा म्हणाले.

"मग सगळी पेठ खोटं बोलती व्हय?"

खोली वर्षभर मोकळी होती. लोक येत, बघत, घरमालकाचं नाव ऐकत आणि जात. "जाताना काय म्हणतात?" मी विचारलं.

"कळवतो म्हनत्यात."

आम्ही तिघंही हसलो. चाचींचं हसू आधी थांबलं.

"वळखीचं कोन?" त्यांनी विचारलं. मी सय्यद मास्तरांचं नाव घेतलं. चाचींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "सय्यद? आगं बया! ते आमच्यात लई वरचं. आमी बागवान. त्यांच्या पोरी आमच्यात देत न्हाईत." मास्तर आमच्या वस्तीत बसून आईच्या हातची भाकरी खात. ते कुणाच्या तरी वरचे आहेत, हे मला कोल्हापुरात येऊन कळलं.

त्या रात्री चाचींनी पांढरा रस्सा वाढला. दिसायला दुधासारखा, प्यायल्यावर कानातून वाफ काढणारा. चाचा सबंध रात्र घोरले.

सोमवारी मुख्याध्यापकांनी पत्ता वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "सेलूकर, हे घर... म्हणजे तुम्ही नेमके..."

ते प्रश्न जुळवत होते. मी खुर्चीवर बसून घेतलं.

संध्याकाळी पत्र टाकलं:

*ती. मास्तरांस, नामदेवचा सलाम आणि नमस्कार.*

*आपण दिलेलं आडनाव इथे चांगलं चाललं. त्यानं प्रत्येक घरी खुर्ची मिळाली, एका घरी पोहे, एका घरी दूध. खोली मात्र उठून उभं राहिल्यावर मिळाली. आपलं चुकलं असं मी म्हणत नाही. आधी बसायलाच मिळालं नसतं, तर मी उठलो कुठून असतो?*

*इथे सगळे 'पावणं कुठलं?' विचारतात. यापुढे मी आपलं नाव सांगणार आहे. परवानगी आधी घ्यायला हवी होती, पण नाही म्हणालात तरी सांगेनच.*

*दिवाळीच्या सुट्टीत या. सय्यदांना काय वाढायचं याची चाचींना आतापासून काळजी लागली आहे. मी भाकरी म्हणून सांगितलं आहे. आपण घोरता की नाही, तेवढं कळवा. पत्ता वर दिला आहे.*