हवेचं एक पाकीट

माझा स्वभाव मुळात घायकुतीचा. शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात काजं-बटणं तपासायचं माझं काम. तिथल्या बाया म्हणतात, हिला खुर्ची देऊन उपयोग नाही, बसते कुठं? पण त्या महिन्यात सोलापुरातल्या भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत मी जेवढ्या येरझारा घातल्या तेवढ्या आयुष्यात घातल्या नसतील. कारण आई पलंगावर पालथी पडून होती आणि तिच्या वाट्याचं हिंडणंही जणू माझ्याच पायांत आलं होतं.

आईचा डावा डोळा काचबिंदूनं कधीच गेलेला. उरला उजवा, आणि त्याचा आतला पडदा सुटला. ऑपरेशन झालं. पडदा जागेवर बसवला आणि तो तिथं दाबून धरायला डॉक्टरांनी डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला. गॅस हळूहळू आपोआप जिरतो आणि त्याची जागा डोळ्यातलं पाणी घेतं. तोवर तोंड खाली करून पडायचं, म्हणजे बुडबुडा वर, पडद्याकडं राहतो. जन्मभर टॉवेलच्या कडा शिवलेल्या बाईला पडून राहणं कुठलं जमतंय? ती उशीत तोंड खुपसून मला बोलायची, निम्मं उशीच ऐकायची.

घरी सोडताना डॉक्टरांनी तिच्या मनगटावर एक हिरवा पट्टा अडकवला. गॅस जिरेपर्यंत तो काढायचा नाही आणि विमानात अजिबात बसायचं नाही, असं त्यांनी बजावलं. आम्ही दोघी फिस्सकन हसलो. आई म्हणाली, आमी रिक्षात बसतानाबी इचार करतो की, डॉक्टरसाहेब. डॉक्टरही हसले. थेंबांच्या वेळा मी तोंडपाठ केल्या, विमानाचं तेवढं कानाआड गेलं. आमच्या बोळातलं कुणी कधी विमानात बसलेलं नव्हतं, मग ते लक्षात ठेवायचं कशाला?

काही दिवसांनी आईला थोडा वेळ उठून बसायची मोकळीक मिळाली. तेव्हा तिला डोळ्यात एक आडवी रेघ दिसायला लागली. रेघेच्या वर नीट दिसायचं, खाली सगळं गढूळ. मान हलवली की रेघ डुचमळायची. बुडबुडा जिरेल तशी ती खाली उतरणार होती. रोज सकाळी उठल्या उठल्या मी विचारायची, कुठवर आली? ती सांगायची, खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंत. आज घड्याळ दिसलं. आज देवाचा फोटू दिसला, पण पाय न्हाईत.

अशात मुंबईला भावाला मुलगा झाला. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी. आमच्याकडं रीत अशी, की बारसं होईपर्यंत बाळंतिणीच्या घरी आजारपणाची बातमी जाऊ द्यायची नाही. भावजय नाजूक झालेली, त्यात भाऊ काळजीखोर. आईनं मला शपथ घातली. ऑपरेशनच काय, तिच्या साध्या डोकेदुखीबद्दलही मी फोनवर चकार शब्द काढला नाही. आईही ठणठणीत आवाज काढून बोलायची, मी मजेत हाय की!

आणि मग भावानं आम्हाला चकित करायचं ठरवलं. सोलापूरहून आता विमान जातंय, तर बारशाला दोघींनी विमानानंच यायचं, तिकिटं काढलीत म्हणाला. फोन ठेवल्यावर आई पलंगावर ताठ बसली. इतक्या दिवसांत तिचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. मीही पार हुरळले. नातवाचं तोंड बघायचं, विमानात बसायचं आणि आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव मी सांगायचं, सगळं एकदमच. डॉक्टरांचं वाक्य कुठं होतं तेव्हा? खरंच सांगते, डोक्यात कुठंच नव्हतं. हिरवा पट्टा तर आईनं कात्रीनं कापून टाकला होता. दवाखान्याचा पट्टा घालून बारशाला जाते व्हय कुणी, म्हणाली.

निघायच्या आदल्या दुपारी शेंगाची चटणी भरायला बसलो. मुंबईला जायचं आणि चटणी न्यायची नाही, असं सोलापूरचं माणूस करत नाही. मी प्लास्टिकच्या पिशवीत चटणी भरायची, पिशवीचं तोंड करवतीच्या पात्यावर दुमडायची आणि मेणबत्तीच्या जाळावरनं फिरवून चिकटवायची. दुकानदार करतात तसंच. आई खाटेवरनं नजर ठेवून होती, म्हणजे रेघेच्या वरनं जेवढी ठेवता येईल तेवढी. मी घाईत एक पाकीट तसंच चिकटवलं, तर ती खेकसली.

"हवा काढ की आदी त्यातली. चटणीवाला काय म्हणतो? विमानात पाकीट फुगतं. हवा र्‍हायली की फुटतं."

माझ्या हातातलं पातं तसंच राहिलं. डॉक्टरांचं विमानाचं वाक्य आत्ता आठवलं. मी तिच्या डोळ्याकडं बघत होते. हवा राहिली की फुगतं. तिच्या एकुलत्या एका डोळ्यात हवाच तर भरलेली होती.

मी भावाला फोन लावला. शपथ गेली खड्ड्यात. ऑपरेशनचं सगळं सांगितलं. तो आधी चिडला, मग रडवेला झाला, मग मलाच समजावायला लागला. ताई, विमान हवाबंद असतं, आत दाब राखलेला असतो, नाहीतर माणसं जगली असती का? आईनं लगेच तेच उचललं. बंद हाय न्हवं? मग भाइरच्या हवेचा आन माज्या डोळ्याचा काय संबंध?

मी दवाखान्यात फोन करकरून डॉक्टरांना गाठलं. ते आधी कडाडले, मग शांतपणे सांगत गेले. विमान खूप उंच उडतं, तिथली हवा श्वासाला पुरत नाही. म्हणून हवा दाबून आत सोडत राहतात आणि शेपटाकडच्या व्हॉल्व्हमधून बाहेर जाऊ देतात. तो व्हॉल्व्ह कमी-जास्त उघडून आतला दाब राखतात. भाऊ म्हणतो ते खोटं नाही. पण हा दाब जमिनीवरच्याइतका कधीच ठेवत नाहीत. बाहेर दाब अगदी कमी, आत भरपूर, तर विमानाचं अंग फुगायला बघतं, तो ताण त्याला झेपेल एवढाच आत ठेवतात. म्हणजे आत बसलेलं माणूस महाबळेश्वरपेक्षाही उंच डोंगरावर बसल्यासारखंच असतं. धडधाकट माणसाचे फार तर कान दडपतात. पण बुडबुडा फुगतो. पिशवी फुगायला जागा असते, डोळ्याला नसते. आतला दाब वाढतो, रक्त पोचेनासं होतं आणि विमान उतरायच्या आत डोळा जातो.

रेल्वेनं नेऊ का, विचारलं. घाटही नको म्हणाले. रेघ पुरती जाईपर्यंत सोलापुरातच.

आईला हे सांगताना माझा आवाज चढला, कारण मला रडू येत होतं. ती भिंतीकडं तोंड करून बसली. मीही जात नाही म्हणाले, तेव्हा मात्र वळली. आत्याबिगर बारसं व्हतंय व्हय, तू गपगुमान जा, म्हणाली. शेजारच्या काकूंनी तिच्यापाशी राहायचं कबूल केलं.

संध्याकाळी मी बॅग भरत होते, तर आईनं मेणबत्ती आणि पातं मागितलं. चाचपत चाचपत एका पिशवीत तिनं मूठभर चुरमुरे घातले, वर हवा ठेवली आणि माझ्याकडनं तोंड चिकटवून घेतलं.

"हे हातात धरून बस. फुगलं तरच मी डॉक्टरचं खरं मानीन."

मी एकटी कधी कुर्डुवाडीच्या पुढं गेलेली नव्हते. पण विमान उडालं, तेव्हा मला खिडकीही आठवली नाही. मांडीवर ते पाकीट घेऊन बसले होते. आधी काहीच होईना. मला वाटलं, फुगूच नये. मग वाटलं, नाही फुगलं तर मी आईला उगाच नातवापासून तोडलं. मग कान दडपले आणि पाकिटाच्या सुरकुत्या जायला लागल्या. बघता बघता ते टम्म झालं. बोटानं दाबलं तर दबेना. आतले चुरमुरे अगदी होते तसे होते, फुगली होती ती हवा. मी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, भीती वाटतेय का? हो म्हणाले. आई पलंगावर सुखरूप आहे हे माहीत असूनही मी उतरेपर्यंत त्या पाकिटावरनं हात काढला नाही. उतरताना ते आपोआप सैल पडत गेलं.

बाहेर पडल्या पडल्या फोन लावला. नातवाचं काहीच न विचारता आईनं विचारलं, फुगलं का? टम्म, म्हणाले. 

"बरं जालं. मला वाटत हुतं, तू मला उगंच मागं ठिवलंस."

बारशाला मी बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि भावानं त्याला फोनसमोर धरलं. तिकडं काकूंनी आईच्या समोर फोन धरला होता. आई हळूच मान सावरत होती, रेघ डुचमळू नये म्हणून. भाऊ तिला सारखं विचारत होता, दिसतंय का गं? शेवटी ती म्हणाली,

"कपाळ दिसतंय. तुमच्या बाबांचं हाय. खालचं रेघ उतरंल तसं बघीन मी. तवर त्याला लई मोटा हुऊ देऊ नका."