ज्या नावावर उचकी थांबली

मांजर आडवं गेलं तर मी गाडी थांबवत नाही, अमावास्येला नवे कपडे घालते. रोज सुया टोचून लोकांचं रक्त काढणारी बाई मी. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायला मला वेळही नाही. तरी हे लिहितेय, कारण ते घडलंय... आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

भंडाऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. सासर इथल्याच, भंडाऱ्याजवळच्या शहापूरचं. दोन वर्षांपूर्वी, धान कापणी आटोपत आलेली असताना, एका दुपारी जेवणानंतर मला उचकी लागली. लागली ती थांबेचना. मी सुई घेऊन पुढे आले की पेशंट हात मागे घ्यायचा! साडेचारच्या सुमारास ती आपोआप बंद झाली. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तीच उचकी. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी हातावर ठेवली आणि मला घरी पाठवलं.

घरी सासूबाई, म्हणजे आमच्या मामी, तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"गोळ्या कायले खातं? कोणीतरी आठवण काढून राहिलं. नाव घे, थांबते."

त्यांच्या समाधानासाठी मी नावं घ्यायला लागले. नवरा, नणंद, वर्गातल्या मैत्रिणी. उचकी चालूच.

"तुह्या मायचं घे."

"मामी, ती तर वारली ना..."

"मेलेले बी काढतात."

"आई," मी म्हटलं. लहानपणी बालगृहात उचकी लागली की आम्ही सगळ्या पोरी हेच म्हणायचो. माझी तेव्हाही कधी थांबली नव्हती.

"मंग त्या वाढवणाऱ्या ताईचं घे."

"मंदाताई," म्हटलं... आणि उचकी थांबली. अर्धी वर आलेली होती, तिथेच.

मंदाताई आमच्या बालगृहाच्या अधीक्षक. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर थोड्याच दिवसांत मी तिथे आले. माझं गाव गोंदियाकडे गेलेलं, म्हणून तिकडच्या पोरींबरोबर मलाही पाठवणार होते. मी ताईंचा पदर सोडला नाही, आणि त्यांनी साहेबांशी भांडून मला ठेवून घेतलं. तिकडची असून इथे राहिलेली मुलगी मी एकटीच. त्या बाईसाठी मी जीव दिला असता.

त्या रात्री मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आपली आठवण काढणारं कोणीतरी आहे! दुसऱ्या दिवशी रजा टाकली, अर्धा किलो बालुशाही घेतली आणि दुपारी बालगृहात गेले.

ऑफिसचं दार अर्धवट उघडं होतं. आत ताईंचा आवाज येत होता.

"...फाईलमध्ये 'आई बेपत्ता' एवढंच हाय. पण तसं नोहय. पोरीनं मले सांगतलं होतं. मायनं स्टँडवर बसवलं, आन् सोता दुसऱ्या माणसासंगं बसमंधी चढली. पोरीनं पाह्यलं. हाक मारणार तं मायनं वळून पाह्यलं, आन् तोंडावर असं बोट ठेवलं. म्हून पोरगी चूप राह्यली."

ते बोट. आई हरवली असं मी पोलिसांना सांगितलं होतं. माझं लग्न ठरवताना ती वारली असं ताईंनीच सासरी सांगितलं होतं. बोटाबद्दल मी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं, तापात, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून. 'हे माह्यापासून कोठी जात नाही,' असं त्या म्हणाल्या होत्या.

दारातच मला उचकी आली. दोघींनी वळून पाहिलं. दुसरी एक तरुण मुलगी होती, समोर लॅपटॉप आणि उघडी फाईल.

"घ्या, नाव काढलं आन् आली," ताई हसल्या. "शंभर वर्षं आयुष्य हाय पोरीले."

ती मुलगी नागपूरहून संशोधनासाठी आली होती. बिचारी उठून उभी राहिली. रीतसर परवानगी आहे म्हणाली. चार दिवस, रोज दुपारी, माझीच केस चालली होती.

"तुमचं नाव कुठेही येणार नाही मॅडम. मुलगी क, एवढंच."

"आणि बाकीचं? गोंदियाकडची, भंडाऱ्यात ठेवून घेतलेली, आता लॅबमध्ये कामाला?"

"ते... संदर्भासाठी लागतं."

"मग नाव तरी कशाला लपवता?"

"काहून चिडतं?" ताई मध्ये पडल्या. "पुढच्या पोरींचं भलं होईल. आन् नाव बदललंच हाय ना."

"मला विचारायचं होतं ताई."

"इचारलं असतं तं तू नाही म्हटली असती."

फाईल बघायची परवानगी कोणीतरी कागदावर दिली असेल. पण ते बोट फाईलमध्ये नव्हतं. ते ताईंनी स्वतःच्या तोंडानं दिलं, कोणी मागितलंही नसताना. बालुशाहीचा डबा टेबलावर ठेवून मी निघाले. आईनं सोडलं तेव्हा मी लहान होते, फारसं कळलं नव्हतं. या वेळी सगळं कळत होतं.

तो मजकूर काढते असं ती मुलगी म्हणाली. काढला का, माहीत नाही. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच घरी सगळं सांगून टाकलं. नवरा चहा ठेवायला उठला. मामी तेवढ्या म्हणाल्या, "मंग दरसाल पितरात तुह्या मायच्या नावानं पान काढतो, ते कोणाच्या पोटात जाते?"

जेवणानंतर उचकी लागू शकते हे मला मान्य आहे. पण चारही दिवस त्याच वेळेला? आणि नेमक्या त्याच नावावर थांबावी? डॉक्टरांना विचारलं, ते हसले.

हे एवढं लिहून झालं आणि आत्ता मंदाताईंचा फोन आला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"कवाच्या उचक्या लागून राहिल्या बाई. पाणी पिऊन पाह्यलं, साखर खाऊन पाह्यली. तुहं नाव घेतलं तवा थांबल्या. आठवण काढून राहिली का माही?"

"हो ताई. तुमच्यावरच लिहून राहिली."

"कोठी?"

"मासिकात देणार आहे. सगळं, झालं तसं."

"माहं नाव तं नाही ना टाकलं?"

"नाही ताई," मी म्हटलं. "नाव बदललंच आहे ना."