मोळीखालची मान

आमच्या मॉरिशसमध्ये घरामागच्या डोंगरावर आता लोक हौसेने चढतात. काल नात तिथून फोटो काढून आली. "आजी, समुद्र बघ किती निळा! तू तर रोज जायचीस."

जायचे, पण सरपणाला. उतरताना डोक्यावर मोळी. तिच्याखाली मान वळत नाही. नजर ज्वालामुखीच्या काळ्या दगडांवर, पाय घसरू नये म्हणून.

एकदा वळणावर नवरा म्हणाला, "अगं, मोळी टेकव. जरा बस, समुद्र बघू."

मी खेकसले, "समुद्र बघून चूल पेटते का?"

तो पुढे चालू लागला. पुन्हा कधी बस म्हणाला नाही. आता तो नाही, आणि माझे गुडघेही चढत नाहीत.

खरं सांगते, त्या दिवशी घाई काहीच नव्हती. नवऱ्याशेजारी नुसतं बसायची मला लाज वाटली होती.