दुसरा प्रोसेसर

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. भाजीवाल्यानं काटा उचलला की मी भाजीकडं नाही, त्याच्या अंगठ्याकडं बघतो. बायको म्हणते, तुम्ही देवळात हात जोडता तेव्हा एक डोळा चपलांवर असतो. असू दे. माझ्या चपला आजवर एकदाही गेल्या नाहीत.

पण एक वस्तू गेली होती. निदान बावीस वर्षं मी तसं धरून चाललो होतो. आमच्या कॉम्प्युटरमधला एक प्रोसेसर माझ्या भागीदारानं काढून विकला, असा माझा संशय होता. संशय कसला, खात्रीच.

भागीदार म्हणजे दोस्तच. नांदेडात आम्ही दोघं मिळून लग्नाच्या शूटिंगचा धंदा करायचो. कॅमेरा मी धरायचो, मशीनचं सगळं तो बघायचा. त्याच्या घरात तीन पिढ्या घड्याळं दुरुस्त करत आलेल्या, त्यामुळं बारीक कामाला हात बसलेला. त्याची अम्मी मला जेवल्याशिवाय सोडायची नाही. आठ वर्षं आमची भागीदारी चालली आणि आमच्यात एक कागद नव्हता. करार नाही, सही नाही, काही नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाला, "जबान हाय की यार. कागद कशाला पाहिजे तुला?"

त्यानंच ते मशीन बांधलं होतं. एका बोर्डावर दोन प्रोसेसर, शेजारी शेजारी. त्या वेळी नांदेडात बाकीच्या स्टुडिओवाल्यांचं काम एकावर चालायचं आणि आमच्याकडं दोन! लग्नाची कॅसेट एडिट करून बाहेर काढायची म्हणजे लोकांना रात्र पुरायची नाही, आमचं चहा पिऊन होईपर्यंत निम्मं झालेलं असायचं. पडद्यावर दोन हिरवे आलेख वरखाली व्हायचे, प्रत्येक प्रोसेसरचा एक. गिऱ्हाईक आलं की मी मुद्दाम ते दोन आलेख दाखवायचो. लई मिरवलं मी त्या मशीनवर.

मग एकदा मी बिलोलीकडच्या एका लग्नाला दोन दिवस गेलो. परत येऊन बघतो तर मशीन रडतंय. जिथं एक तास लागायचा तिथं दोन लागून राहिले. आलेख गायब. सिस्टिमची माहिती उघडली, तर तिथं प्रोसेसर दिसतोय एक. एकच!

मी त्याला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "विंडोज बदलली मी. मराठी नावं टाकायचं आपलं नवं सॉफ्टवेअर आधीच्या टू थाउजंडवर चालतच न्हाई. नाईंटीएट टाकली. हिला एकच प्रोसेसर दिसतो. दुसरा आत हाय, नुसता बसून."

आत हाय आणि दिसत न्हाई! तुम्हीच सांगा, कुणाला पटेल? माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यातच त्याच आठवड्यात कुणीतरी सांगितलं होतं की हा लातूरला एका दुकानात प्रोसेसर घेऊन बसला होता. तो बाहेरची दुरुस्तीची कामंही करायचा, हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी ते आठवायला मी तयार नव्हतो. वर माझा मेव्हणा पहिल्यापासून कानाशी लागलेला, की भागीदारी करायची तर आपल्यातल्या माणसाशी करावी. आजवर मी त्याला उडवून लावायचो. त्या दिवशी नाही उडवलं.

"दाखव मग," मी म्हणालो.

त्यानं टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलून माझ्यासमोर ठेवला. "हे घे. उघड आणि मोज. पण एक सांगतो, तू झाकण उघडलंस की मी इथून उठलो. मोजून घ्यायची येळ आली तर मग काय राहिलं आपल्यात?"

झालं. मला वाटलं, चोर सापडला. ज्याच्या मनात काही नाही तो असं बोलेल का? मी झाकण उघडलं नाही, पण तोंड उघडलं. काय काय बोललो ते आता लिहवत नाही. मेव्हण्याचे शब्दही त्यात आले, एवढं सांगतो. तो उठला, हात पुसले आणि गेला. महिन्याभरात कळलं की बिऱ्हाड घेऊन तो लातूरला गेला. मी ते मशीन लोह्याच्या एका स्टुडिओवाल्याला विकून टाकलं, आहे तसं, झाकण बंद.

"तो गेल्यावर तरी उघडून बघायचं होतं," असं बायको तेव्हा म्हणाली आणि अजून म्हणते. मी म्हणायचो, बघायचं काय त्यात, मला माहीत आहे.

आता धंदा मी बंद केलाय. ड्रोनवाली पोरं आली, आमचं काम संपलं. रिकामा वेळ आणि डोक्यात भुंगा. मागच्या वर्षी इथल्या भंगारवाल्याकडं पंख्याची मोटार शोधताना ढिगात एक बोर्ड दिसला. दोन प्रोसेसरच्या दोन जागा, शेजारी शेजारी. आमच्यावेळचंच मॉडेल. मी ठरवलं, तेच मशीन पुन्हा उभं करायचं. तीच विंडोज, तेच सॉफ्टवेअर. एका प्रोसेसरवर किती वेळ लागतो आणि दोनवर किती, दोन्ही मोजायचं. त्या दिवशी माझं मशीन नेमकं एका प्रोसेसरइतकं मंदावलं होतं, हे एकदा दाखवून द्यायचं. कुणाला दाखवणार होतो, ते विचारू नका. मला पुरावा पाहिजे होता.

पण असल्या मशीनचे भाग जमवणं म्हणजे डोकेदुखी. बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले, ते बदलून घेतले. बदलणाऱ्याच्या समोर स्टूल टाकून बसलो, न जाणो जुनेच पुसून लावायचा. रॅम मिळाली, पॉवर सप्लाय मिळाला. अडलं ते प्रोसेसरवर. कुठलेही दोन घालून चालत नाहीत. दोन्ही एकाच वेगाचे, एकाच व्होल्टेजचे, आणि वर छापलेला बारीक नंबरही एकच पाहिजे. हैदराबादहून एक जोडी मागवली. भिंग लावून बघितलं तर एकावरचा नंबर खरवडून वर दुसरा छापलेला. परत पाठवली. दुसरी जोडी ऑनलाईन घेतली, दोन्ही खरे, पण नंबर वेगळे. बोर्ड एकाला ओळखे आणि दुसऱ्याशी बोलायलाच तयार नाही. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, काका, उन्नीस-बीस का फर्क है. अरे, त्या एकोणीस-वीसनंच तर सगळं अडलंय!

शेवटी इथल्या एका दुकानदारानं हात जोडले. "हा माल आता एकाच माणसाकडं मिळंल. लातूरला." नाव त्यानं सांगितलं, पण त्याआधीच मला कळलं होतं. खरं तर पहिल्या दिवसापासून कळलं होतं. असल्या वस्तू जपून ठेवणारा माणूस आपल्या भागात दुसरा आहेच कोण?

दोन आठवडे घालवले आणि मग सकाळच्या एसटीत बसलो. लोहा आलं तेव्हा खिडकीतून त्या स्टुडिओची पाटी शोधली. तिथं आता मोबाईलचं दुकान आहे.

त्याचं दुकान एवढंसं. भिंतीभर घड्याळजीचे असतात तसले लहान लहान खण, प्रत्येकावर चिठ्ठी. दाढी पांढरी झालेली. मला बघून तो दचकला नाही.

"या. बसा," म्हणाला.

आठ वर्षं ज्यानं मला शिव्या घालून हाक मारली, तो 'बसा' म्हणाला. मी बसलो. नंबर लिहिलेला कागद काउंटरवर ठेवला. त्यानं तो वाचला आणि माझ्याकडं बघितलं. कशाला पाहिजेत, हे त्याला कळलंच असणार. एक पत्र्याची डबी काढली, कापसातून दोन प्रोसेसर उचलले आणि भिंगासकट माझ्यासमोर ठेवले. नंबर एकच होता, अक्षरास अक्षर.

"चालू करून दाखवा," मी म्हणालो.

त्यानं टेबलावर उघड्या बोर्डात एकेक लावून दाखवला. चहा आला. मी चहा पीत त्याच्या हाताकडं बघत होतो, अदलाबदल करतो की काय म्हणून. हात पूर्वीसारखाच बसलेला होता.

"लिहून द्या," मी म्हणालो.

तेव्हा मात्र तो थांबला. मग चिठ्ठीवर लिहिलं, 'दोन नग. चालू. समोर तपासून दिले.' खाली सही केली. आमच्या दोघांमधला तो पहिला कागद. मी घडी घालून खिशात ठेवला आणि वर बटण लावलं. निघताना तो दारापर्यंत आला नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलावर सगळं मांडलं. कॅबिनेट नव्हतंच, बोर्ड उघडाच. दोन्ही प्रोसेसर बसवले, पंखे लावले. पेटीतून जुनी सीडी काढली आणि नाईंटीएट टाकली, अगदी त्या वेळेसारखी. चालू झालं. सिस्टिमची माहिती उघडली.

एक प्रोसेसर.

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. "ये इकडं!" बायकोला हाक मारली. "बघ! बावीस वर्षांनी पण तेच केलं त्यानं! सही करून फसवलं!" मी खिशातला कागद काढून नाचवायला लागलो.

ती पीठ मळत होती. तसल्याच हातांनी आली, पडद्याकडं बघितलं, मग टेबलाकडं. "अहो," ती म्हणाली, "झाकण तर उघडंच आहे ना. मोजा की."

मी मोजले. एक. दोन. दोन पंखे फिरत होते.

एक काढला, दुसऱ्यावर चालवलं. चाललं. तो काढून पहिला लावला. तोही चालला. दोन्ही लावले, की पडद्यावर एकच. मग दुसऱ्या हार्डडिस्कवर आमची आधीची विंडोज टाकली, टू थाउजंड, आम्ही आलेख बघायचो ती. तासभर गेला. उघडून बघतो तर दोन आलेख. हिरवे. शेजारी शेजारी. पुन्हा पहिली डिस्क लावली. एक. पुन्हा दुसरी लावली. दोन. संध्याकाळपर्यंत मी एवढंच करत बसलो होतो, आणि डिस्क बदलताना प्रोसेसरना बोटसुद्धा लावलं नव्हतं.

हिला एकच दिसतो. दुसरा आत हाय.

लोह्याला जे मशीन मी विकलं त्यात दोन प्रोसेसर होते. चार स्क्रू काढले असते तर दिसले असते. आणि मी ते का काढले नाहीत, हेही मला तेव्हाच समजलं. आत एक निघाला असता तर मी खरा ठरलो असतो, पण दोन निघाले असते तर त्याला बोललेलं सगळं माझ्या अंगावर आलं असतं. मला भीती वाटत होती. म्हणून मी झाकण बंद ठेवलं आणि खात्री आहे, खात्री आहे म्हणत राहिलो. लाज वाटली. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावं असं वाटलं.

चिठ्ठीवर वरच्या बाजूला त्याच्या दुकानाचा नंबर छापलेला होता. लावला.

"दोन होते," मी म्हणालो.

"हायेतच की. समोर तपासून दिलेत."

"हे नाही म्हणत मी. तेव्हाचे. तेव्हा आत दोन होते."

तो म्हणाला, "ते मला ठाऊकच होतं. मला कशाला सांगून राहिलास?"

माफ कर म्हणायचं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. "उद्या लातूरला येऊ का?" मी विचारलं.

मागं कुणीतरी गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं, त्याला त्यानं थांब म्हणून सांगितलं.

"ये," तो म्हणाला. "येताना तेवढा तो कागद घेऊन ये."