नारळ, उंबर आणि सासरे

साल ब्याऐंशी. लातूर नवा जिल्हा झाला होता आणि मी सत्तावीस वर्षांचा घरजावई होतो. फोडलेल्या नारळाचा वास आला की तो दिवस आठवतो. पावसानं दडी मारली होती, गावच्या विहिरी आटल्या होत्या. नवी कुठं खणायची ते सासरे, म्हणजे आमचे मामा, सांगणार होते, कारण त्यांच्या तळहातावरचा आडवा नारळ पाणी असेल तिथं उभा राहतो, अशी त्यांची कीर्ती. कॉलेजात मनाचं शास्त्र शिकवणारे एक सर ते बघायला आले. म्हणाले, "हे जन्मतः येतं की शिकून?" सासरे म्हणाले, "रक्तात लागतंय, सर. जावयाला जमायचं न्हाई." लोक हसले. सरांनी उपरण्यानं त्यांचे डोळे बांधून माळावर फिरवलं, तर नारळ नुसत्या खडकावर उभा राहिला. मग सर उपरणं घेऊन माझ्याकडं वळले. मी म्हणालो, "माझे बांधू नका. मामांच्या मागं पाच वर्षं हिंडून शिकलो ते डोळ्यांनीच. भर उन्हाळ्यात हिरवा उंबर आणि जवळ वारूळ असलं की खाली पाणी, मामा बी आधी तेच बघतेत. माळाच्या कडेचा तो उंबर तसाच हाय." सासरे खाली बघत म्हणाले, "पाणी न्हाई लागलं तर गावात तोंड दाखवू नका, पाव्हणं." मी "हाव" म्हणून कबूल झालो. शाळा माझी दुसरीतच सुटली, पण जे शिकलो ते माझ्या कष्टाचं, हे मी आजही ठणकावून सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नारळ फोडला, अर्धा मामांपुढं ठेवला, अर्धा खाल्ला, आणि कुदळ घेऊन उंबराकडं निघालो.