बिब्ब्याचा डाग

मंगल खाली पडलेला चेंडू कधी वाकून उचलत नाही. बुटाचं टोक चेंडूवर ठेवते, तो जरासा मागे ओढते आणि पाय खाली घालून असा उडवते, की तो थेट तिच्या तळहातावर येऊन बसतो. भिंगारच्या मैदानावर तिच्याकडे बास्केटबॉल शिकायला आलेली प्रत्येक मुलगी आधी हेच शिकू बघते आणि शिव्या खाते.

“पायानं खेळायचं आसंल तर फुटबॉलला जा. हितं बॉलला पाय लावला की फाउल.”

“मग तुम्ही का लावता, मॅडम?”

“मी मास्तरीन हाय. मास्तरनीला समदं माफ असतं.”

बघणाऱ्यांना ती ऐट वाटते. ती ऐट नाही. तिचा उजवा गुडघा पुरता वाकत नाही, आणि त्याला कारण मी आहे. एवढं एक वाक्य तोंडातून काढायला मला अर्धं आयुष्य लागलं. मी मुळातच कमी बोलणारी. लोक त्याला शहाणपण समजत आले, मीही समजू दिलं.

नगरच्या आमच्या कॉलेजात मी बास्केटबॉलची कॅप्टन होते. आमचे खेळाचे सर प्रवेशाच्या दिवसांत रांगेच्या कडेला उभे राहून मुलींची डोकी न्याहाळत. त्या वर्षी एक डोकं साऱ्या रांगेच्या वर निघालेलं होतं. कर्जत तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी, दोन वेण्या, पायात पुरुषी चपला, कारण बायकांच्या चपला तिला होत नसत. सर म्हणाले, “हात वर कर बघू.” तिनं दोन्ही हात वर केले आणि घाबरून म्हणाली, “मी काय बी केलं न्हाई, सर!”

“काही खेळलीस का आजवर?”

“न्हाई. पन मांडव लई बांधलेत.”

पुढे ओळख झाल्यावर तिनं मला त्याचा खुलासा केला. गावात कुणाचं लग्न निघालं की तोरण लावायला, मांडवाच्या आडव्या बांबूला सुंभ बांधायला मंगलला हाक यायची. शिडीची गरज नसे. “मांडव बांधायला समदी बोलवायची, शैले. मांडवाखाली हुभं राहायला कोन बोलवीना.” हे ती हसत सांगायची. मला तेव्हा हसायलाच आलं होतं.

पहिल्या सामन्यात मी तिच्याकडे चेंडू टाकला तर तिनं तो कळशीसारखा कमरेवर घेतला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेली. पंचांनी शिट्टी वाजवली. चेंडू आपटत न्यायचा असतो, हातात धरून पळायचं नसतं, असं मी तिला पुन्हा समजावलं, तर म्हणाली, “पळायचंच न्हाई तर एवढं मोठं अंगन कशाला आखलंय मग?”

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला तीच मुलगी बघायला नगरची माणसं कॉलेजच्या कुंपणावर बसू लागली. हवेत ती सगळ्यांपेक्षा जास्त वेळ राहायची. आम्ही खाली आलेल्या असायचो आणि मंगल अजून वरच असायची, काहीतरी विसरल्यासारखी. तिला चेंडू पोचवणं माझं काम. सुरुवातीला मी ती कुठे आहे ते बघून टाकायचे. मग तीच म्हणाली, “तू बघू नको, नुसता टाक. मी हाय तिथं.” आणि ती असायची. मी वळून न बघता चेंडू सोडायचे आणि मागून जाळीचा आवाज यायचा. तसा भरवसा माझ्यावर ना आधी कुणी टाकला, ना नंतर.

शेवटच्या वर्षी मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचे प्रशिक्षक खेळाडू बघायला नगरला येणार असं ठरलं. कंपनीच्या संघातून खेळायचं आणि कंपनीतच नोकरी करायची. आपल्याकडे बास्केटबॉलवर पोट भरायचा तोच एक रस्ता. सर म्हणाले, “तुम्हा दोघींना बघतील. पण घेतील एकीलाच.”

कोणाला घेतील हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

आदल्या दिवशीच्या सरावात मंगल बास्केटसमोर उडाली. मी तिच्यासमोर होते, तिला अडवत. ती वर असताना मी माझा उजवा पाय पुढे सरकवला, बरोबर ती जिथे उतरणार होती तिथे. पाय मुरगळेल, दोन दिवस लंगडेल, एवढंच माझ्या मनात होतं. पण ती माझ्या बुटावर उतरली आणि तिचा गुडघा आत वळला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. इतर मुलींना वाटलं, ती स्वतःच वेडीवाकडी पडली. तिलाही तसंच वाटलं.

त्यानंतर जे झालं ते आमच्याकडेच होऊ शकतं. दवाखान्यात नेलं तर प्लास्टर घालतील आणि उद्याचं हुकेल, म्हणून सरांनी एका म्हाताऱ्या हाडवैद्यांना बोलावून आणलं. त्यांनी गुडघा दाबून पाहिला, शीर चढलीय म्हणाले आणि बिब्बा तापवून त्याचं तेल गुडघ्यावर लावलं. मी तिचा पाय धरून बसले होते. ती माझं मनगट आवळून म्हणत होती, “शैले, तू हायेस म्हून बरं हाय गं.”

दुसऱ्या दिवशी घट्ट पट्टा बांधून ती कोर्टवर उतरली. पळता येत नव्हतं. बास्केटखाली एका जागी उभी राहिली आणि हात वर करून येईल तो चेंडू आत टाकत राहिली. मुंबईच्या प्रशिक्षकांनी तिलाच घेतलं. मी दोन्ही पायांवर धडधाकट होते, मला कुणी नावही विचारलं नाही.

बिब्बा उतला. गुडघ्यावर फोड आले, पिकले, आणि बरे झाल्यावर तळहाताएवढा काळा डाग राहिला. गुडघा पुढे कायमचा दुखरा राहिला तेव्हा मंगलनं दोष त्या डागाला दिला. सगळ्यांनीच दिला. मलाही तो आयता मिळाला.

मुंबईत ती गुडघ्याला पट्टा बांधून का होईना, चांगली खेळली. दुपारपर्यंत कचेरीत, जिथे तिचे पाय टेबलाखाली मावत नसत, आणि संध्याकाळी कोर्टवर. पेपरात तिचे फोटो येत, तिच्या गावचे लोक ते पानाच्या टपरीवर चिकटवत. मग भारताच्या संघासाठी शिबिराचं बोलावणं आलं, आणि तिथल्या वैद्यकीय तपासणीतून ती परत आली. मला फोनवर म्हणाली, “डाक्टरनं गुडघा बघितला गं. मला बघितलंच न्हाई.” मी विमा कार्यालयातल्या माझ्या टेबलावर बसून “असू दे, असू दे” म्हणत राहिले. दुसरं काही बोलायची ती वेळ होती. पुढे ऑपरेशन झालं, खेळ सुटला, आणि नोकरी लवकर सोडून ती भिंगारला येऊन राहिली.

कोच म्हणून तिला पाहणं ही एक मौज आहे. कोर्टच्या कडेला उंच स्टुलावर बसून ती तोंड चालवत असते. चेंडू सोडायला उशीर करणाऱ्या मुलीला, “अगं बॉल हाय तो, नवऱ्याचा हात न्हाई, सोड की!” घाबरून लांबून टाकणारीला, “तुला बास्केट चावती का?” पण सामना हरला की टेम्पोतून परतताना शेंगदाण्याचा लाडू प्रत्येकीच्या हातात ठेवते आणि “खावा” म्हणते, बस्स.

एकदा भिंगारच्या बाजारातले बांगड्यांचे दुकानदार शेखचाचा मुलीचं नाव काढून घ्यायला आले. म्हणाले, “मॅडम, पोरगी आधीच ताडासारखी वाढलीय. खेळून आणखी वाढली तर रिश्ता कुठून आणू?”

“चाचा, खेळून उंची वाढत आसती तर मी एवढी कशी झाले? आमच्या गावात बॉलच नव्हता.”

चाचा तरी हलेनात. तेव्हा तिनं आपलं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. “बसा. एक दिस पोरगी खेळताना बघा. मग न्या.” चाचांनी मुलीला नेलं नाही. आता ते सकाळी दुकान उघडायच्या आधी येतात आणि पंचांशी भांडतात.

गेल्या वर्षी तिचा नगरमध्ये सत्कार झाला. भाषणात तिनं तिची नेहमीची गोष्ट सांगितली. “भारताकडनं खेळायचं ऱ्हायलं, कारन आमच्या त्या वैद्यबुवानं बिब्ब्यात माझा गुडघा तळून काढला!” सभागृह खदखदून हसलं. ती वैद्यांची नक्कल करते, थरथरत्या हाताची, ती फार हुबेहूब असते. तो बिचारा म्हातारा कधीच वारला होता. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या, आणि त्या माझ्या कानाला सोसल्या नाहीत.

दोन दिवसांनी तिच्या घरी गेले. ती चहा ठेवत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहूनच म्हणाले, “मंगल, तो बिब्बा नव्हता. तू उडी मारलीस तेव्हा मी खाली पाय घातला होता.”

तिनं वळून पाहिलं नाही. “लागला हुता का घातला हुतास?”

“घातला होता.”

“कुठला?”

“उजवा.”

“मी वर असताना, का उतरताना?”

“वर असताना. तू कुठे उतरशील ते मला ठाऊक होतं.”

“व्हय,” ती म्हणाली. “तुला ठावं असायचंच.” तिनं गॅस बंद केला. “जा घरी, शैले.”

पुढे ती माझा फोन उचलेना. मी आठवडे मोजायचे सोडून दिले. हे कायमचं असणार आणि ते बरोबरच आहे, अशी मनाची तयारी केली. आणि एक दिवस तिचाच फोन आला.

“रईवारी सकाळी मैदानावर ये. बूट हायेत का?”

“नाहीत गं.”

“मग घे इकत. चपला घालून येऊ नको.”

पन्नाशीला टेकलेली मी, पंजाबी ड्रेसखाली पांढरे कोरे बूट घालून भिंगारच्या कोर्टवर उभी राहिले. मुली गोल करून थांबल्या होत्या. मंगल म्हणाली, “ह्या शैलाताई. आमच्या कॅप्टन. मला बॉल धरायला ह्यांनी शिकवलं. ह्यांच्यासारखा डिफेन्स नगरला अजून कुनी केला न्हाई.” मी मान खाली घातली. “आन माझा गुडघा बी ह्यांनीच घालवला. कसा, ते आता दावतील.”

एक मुलगी थट्टा समजून हसली.

“त्या वैद्यबुवाची गोष्ट इसरा,” मंगल त्यांना म्हणाली. “बिचाऱ्याला मी फुकट बदनाम केलं.” मग चेंडू घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. “घाल.”

माझा पाय उचलेना. ती जेमतेम वीतभर उडाली, उतरली. पुन्हा उडाली.

“अगं घाल की! तवा काय आमंत्रन दिलं हुतं?”

तिसऱ्यांदा मी पाय सरकवला. ती माझ्या कोऱ्या बुटावर उतरली आणि तिथेच उभी राहिली.

“आता बघा,” ती मुलींना म्हणाली. “पायाकडं बघू नका, ह्यांच्या डोळ्याकडं बघा. कुठं हायेत? खाली. आडवनारीनं तुमच्या हाताकडं बघायचं असतं. ती खाली बघाया लागली की समजायचं, हिला बॉल नको, तुमी पायजे. तवा उडायचं न्हाई. बॉल दुसरीला द्यायचा. मी त्या दिशी हिच्याकडं बघितलंच न्हाई. बघायची सवयच नव्हती आमाला.”

मुली एकेक करून पुढे येऊन माझ्या डोळ्यांकडे बघू लागल्या. चाचांची मुलगी खाली वाकून अगदी जवळून बघत होती. मंगल प्रत्येकीला तेच पुन्हा समजावत राहिली, न चिडता, न घाई करता. तिचं सगळं वजन माझ्या पायावर होतं. शेवटच्या मुलीचं बघून होईपर्यंत तिनं ते उचललं नाही, आणि मीही पाय काढून घेतला नाही.