मागावर बसवलेला सेन्सर
सोल्डरिंगच्या राळेचा धूर नाकात गेला की मला कोल्हापुरातली माझी एम.ई.ची तोंडी परीक्षा आठवते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. थरथरणाऱ्या विमानात सेन्सरचा खरा सिग्नल गोंगाटातून वेगळा कसा काढायचा, हा माझा विषय. कॉलेजात तशी थरथर निर्माण करणारं यंत्र नव्हतं, म्हणून माझ्या गाईडनीच सुचवलं आणि मी सेन्सर आमच्या गावी, कबनूरला नेऊन वडिलांच्या यंत्रमागावर बसवला. दोन महिने सुताची धूळ खात, कान बधिर करणाऱ्या खडखडाटात मोजमापं घेतली. परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आलेख चाळले आणि विचारलं, "हे कापड विणायचं संशोधन आहे का विमानाचं?" गाईडही हसले. "मी नको म्हणत होतो की. ऐकतंय कोण?" माझी कानशिलं तापली. मी मोजमापांची वही परीक्षकांपुढे सरकवली. पहिल्याच पानावर गाईडच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मागावर बसवून पाहा', आणि खाली त्यांची सही. परीक्षकांनी ते वाचलं, गाईडकडे पाहिलं. गाईडनी वही मिटली आणि मला म्हणाले, "बाहेर थांब." मी पास झालो, पण अगदी काठावर. परवा त्याच गाईडच्या सत्कारात चार शब्द बोला, म्हणून संयोजकांचा फोन आला. मी म्हणालो, "बोलायला लागलो तर चारावर थांबायचो न्हाय." त्यांचा परत फोन आला नाही.